डी८ची चेन: जालन्यात हातानं घडवलेले ८८ शू

डोझरचं मॉडेल हातात आलं की बहुतेकांची नजर आधी पात्यावर जाते, मग केबिनवर, मग मागं जमीन फोडणाऱ्या रिपरवर. माझी जाते चेनीवर. आणि खिशाला परवडणाऱ्या मॉडेलांमध्ये नेमकी तिथंच निराशा होते. काळ्या रबराचा एक अखंड पट्टा, त्यावर उठवलेल्या आडव्या रेघा, आणि तो पट्टा आयडलरपासून, म्हणजे टोकाच्या मोकळ्या चाकापासून, स्प्रॉकेटपर्यंत, म्हणजे चेन ओढणाऱ्या दातेरी चाकापर्यंत, ताठ ओढलेला. पिन नाही, तिच्याभोवतीची नळी म्हणजे बुश नाही, जमिनीला टेकणारी सुटी पट्टी म्हणजे शू नाही. खरा डोझर जमीन धरतो तो या चेनीच्या जोरावर. त्याच्या देखभालीचा जवळपास निम्मा खर्च अंडरकॅरेजवर, म्हणजे चेन आणि तिच्या चाकांवर जातो, असं या धंद्यातले लोक सर्रास म्हणतात. मग मॉडेलमध्ये तोच भाग खोटा का असावा, हे मला कधी पटलं नाही.

मी जालन्याचा. एका री-रोलिंग मिलच्या मेंटेनन्समध्ये फिटर आहे. माझ्याकडे कॅटरपिलर कंपनीच्या डी८ डोझरचं एक मॉडेल होतं. बॉडी धातूची, घडण चांगली, चेन मात्र रबरी. पेटीवर १:२४ लिहिलेलं होतं, तरी मी आधी दोन्ही पट्ट्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर व्हर्नियरनं मोजलं. ८७ मिलिमीटरला थोडं कमी भरलं. खऱ्या डी८टीचा (डी८चीच एक आवृत्ती) हा गेज २.०८ मीटर असतो. त्याला २४ नं भागलं की ८६.७ येतात. म्हणजे माप खरं होतं आणि पुढं जायला हरकत नव्हती.

डी८टीच्या चेनीचा पिच, म्हणजे एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंतचं अंतर, २१६ मिलिमीटर. भागिले २४, बरोबर ९. रुंद शू २४ इंची, म्हणजे ६१० मिलिमीटर. मॉडेलवर तो बरोबर एक इंच. शूवरची उभी धार, जिला ग्राउझर म्हणतात, ती ७८ मिलिमीटर उंच, मॉडेलवर सव्वातीन. एका बाजूला ४४ शू. इतके सरळ आकडे निघाल्यावर मला राहवेना.

माझे एक मामा पैठणच्या डाव्या कालव्याच्या कामावर डोझर चालवायचे. हा कालवा २०८ किलोमीटरचा, आमच्या जालना जिल्ह्यातून पुढं परभणीकडं जातो. मामांच्या हाताखाली बीईएमएल कंपनीचा डोझर होता. त्याचं स्प्रॉकेट खाली, चेनीवर चालणाऱ्या छोट्या चाकांच्या, म्हणजे रोलरांच्या रांगेत, आणि चेन लांबट गोल. डी८चं तसं नाही. कॅटरपिलरनं १९७७ मध्ये डी१० आणला तेव्हा स्प्रॉकेट जमिनीपासून वर उचललं आणि चेनीचा त्रिकोण झाला. त्यामुळं फायनल ड्राइव्हला, म्हणजे स्प्रॉकेट फिरवणाऱ्या गिअरना, खालचे दणके थेट बसत नाहीत आणि दगडमातीपासूनही तो दूर राहतो. पुढं डी८लाही तीच रचना आली. मामांना हा त्रिकोण फारसा आवडत नाही, पण चेन ती चेनच, तिचे नियम तेच, असं ते म्हणतात. म्हणून कामाला हात घालण्यापूर्वी त्यांना घेऊन एका ठेकेदाराच्या यार्डात गेलो. तिथं एक डी८ चेन उतरवून ठेवलेला होता.

त्या दिवशी मी मापं घेतली, फोटो काढले. पण खरं शिकलो ते मामांकडून. चेनीतल्या एका बुशवर त्यांनी माझं बोट ठेवलं आणि विचारलं, "एकाच बाजूनं खाल्लंय ना?" होतं. स्प्रॉकेटचा दात बुशवर एकाच बाजूनं बसतो, म्हणून झीज तिथंच होते. अर्धं आयुष्य संपलं की पिन-बुश दाबून बाहेर काढतात आणि अर्ध्या वळशानं फिरवून परत बसवतात, म्हणजे कोरी बाजू दाताकडं येते. पिन आणि बुशच्या मध्ये तेल असतं, दोन्ही टोकांना सील. सील गेलं की तेल जातं, जॉइंट कोरडा पडतो. "दिवस मावळता मशीन उभं केलं की पिनांवरून हात फिरवायचा. जो जॉइंट तापलेला, तो कोरडा. दुसऱ्या दिवशी तोच आवाज करणार," मामा म्हणाले. हे कळल्यावर चेनीकडं बघण्याची माझी नजरच बदलली. मला आता नुसती दिसायला बरोबर चेन नको होती. पिन बुशमध्ये फिरली पाहिजे, बुश लिंकमध्ये घट्ट बसलं पाहिजे, दात बुशला लागला पाहिजे.

सुरुवात शूपासून केली. एकेक शू सुटा घडवायचा म्हटलं तर ८८ शू एकसारखे होणं अवघड. रोलिंग मिलमध्ये काम करणाऱ्याला याचा उपाय शोधत बसावं लागत नाही. खरा शूसुद्धा आधी लांबच लांब सेक्शन म्हणून रोल होतो आणि मग तुकडे पडतात. तेच केलं. पाऊण मिलिमीटरपेक्षा किंचित जाड, ०.८ चा पितळी पत्रा घेतला, त्याच्या ३०० मिलिमीटर लांबीच्या पट्ट्या कापल्या. प्रत्येक पट्टीची एक कड किंचित खाली वाकवली, कारण खऱ्या शूची कड शेजारच्या शूवर चढलेली असते आणि त्या फटीतून खडे आत जात नाहीत. पट्टीवर एक मिलिमीटर जाडीची उभी पट्टी बसवली, तीच ग्राउझर. एका पट्टीतून करवतीची झीज धरून एक इंची ११ शू निघतात. अशा ८ पट्ट्यांत दोन्ही बाजूंचे ८८ शू भरतात.

उभी पट्टी आडव्या पट्टीला जोडणं हे सगळ्या कामातलं सर्वांत नाजूक काम. इथं मी आमच्या ओळखीच्या एका सोनारकाकांकडं गेलो. सांधा जोडायचा साधा कथील-शिशाचा डाक १८३ अंशांच्या आसपास वितळायला लागतो. पुढं याच शूवर लिंक, म्हणजे चेनीच्या कड्या, जोडायच्या होत्या. तेव्हा परत उष्णता दिली तर आधीचा सांधा सुटणार. म्हणून पहिला सांधा चांदीच्या डाकाचा हवा, जो साडेसहाशे-सातशे अंशांना वितळतो. सोनारांच्या कामात हा क्रम ठरलेलाच असतो: चढ्या उष्णतेचं काम आधी, उतरत्याचं नंतर. काकांनी दोन्ही पट्ट्या लोखंडी तारेनं दर इंचाला बांधायला लावल्या, सांध्यावर टाकणखाराची पेस्ट लावली आणि विटांवर ठेवून ज्योत खालून, सगळ्या लांबीवर सारखी फिरवली. एका जागी ज्योत थांबली की तिथलं पितळ वाढतं आणि फूटभर पट्टी धनुष्याकृती होते. डाक वितळला की चांदीची एक बारीक रेघ सांध्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत जाते. ती रेघ अखंड दिसली की सांधा पक्का. नंतर पट्ट्या चिंचेच्या पाण्यात उकळल्या. काळपट थर आणि टाकणखाराची काच दोन्ही निघून पितळ लख्ख झालं. पहिल्या दोन पट्ट्या काकांनी केल्या, बाकीच्या त्यांनी शेजारी बसून माझ्याकडून करून घेतल्या. फुंकणीच्या ज्योतीवर हात बसायला वेळ लागतो, पण बसला की ते काम सोडवत नाही.

तुकडे पाडण्याआधी आणखी एक काम आवश्यक होतं आणि याचा मला विशेष अभिमान आहे. मुरमात, दगडात चाललेल्या डोझरच्या ग्राउझरची धार घासून चांदीसारखी चमकते. माझे शू मात्र पितळेचे. रंग घासून धार उघडी केली असती तर खालून पिवळं पितळ डोकावलं असतं आणि सगळा भास संपला असता. उपाय आमच्या आजीच्या स्वयंपाकघरातला निघाला: कल्हई. पट्टी तापवायची, धारेवर नवसागर टाकायचा, कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं एका झटक्यात पुसून घ्यायचं. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणजे चांदीच्या डाकाला धक्का नाही; आणि पुढच्या मऊ डाकाच्या आधी हे उरकलेलं बरं. नवसागराचा धूर घशाला लागतो, म्हणून ओसरीत, वाऱ्याच्या बाजूनं बसून केलं. आठही पट्ट्यांच्या धारा पांढऱ्याशुभ्र झाल्या.

मग तुकडे. सोनारी करवतीनं, लाकडी साच्यात धरून. प्रत्येक शूला चार बारीक भोकं पाडली, कारण खरा शू लिंकवर चार बोल्टांनी बसतो आणि बोल्टांची डोकी जमिनीच्या बाजूला दिसतात. बोल्टांसाठी टाचण्या वापरल्या: डोकं कानशीनं चपटं केलं, मागून कापलं, डाकाचा एक थेंब. ८८ शूंचे ३५२ बोल्ट. या कामाबद्दल फार सांगण्यासारखं नाही; रेडिओ लावून बसायचं.

लिंकचं काम मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण चेन चालणार की अडणार हे तिथंच ठरतं. एका शूखाली दोन लिंक, डावी आणि उजवी. प्रत्येक लिंकचं एक टोक आतल्या अंगाला आणि दुसरं बाहेरच्या, म्हणजे मध्ये एक पायरी. आतल्या टोकात बुश बसतं. पुढच्या जोडीची बाहेरची टोकं त्या बुशच्या दोन्ही अंगांनी येतात आणि पिन त्यांना ओवून जाते. पिन बाहेरच्या टोकात घट्ट, बुश आतल्या टोकात घट्ट, आणि हालचाल फक्त पिन आणि बुशच्या मध्ये. खऱ्या चेनीतही हेच.

आता पिचचा हिशोब बघा. एका लिंकमध्ये अर्धा दशांश, म्हणजे ०.०५ मिलिमीटर इतकी चूक एकाच दिशेनं होत गेली, तर ४४ लिंकांत ती २.२ मिलिमीटर होते. एवढ्यात चेन स्प्रॉकेटच्या दातावर चढते. आणि डावी-उजवी लिंक सारखी नसेल तर चेन एका बाजूला वळत जाते. म्हणून भोकं डोळ्यानं पाडायची नाहीतच. माझा एक मित्र छत्रपती संभाजीनगरला चिकलठाण्यातल्या इंडो जर्मन टूल रूममध्ये शिकलेला आहे. त्यानं मला वायरकटवर, म्हणजे तारेनं धातू कापणाऱ्या मशीनवर, कडक पोलादाचा एक छोटा ड्रिल जिग, म्हणजे भोकं नेमक्या जागी पाडायचा साचा, करून दिला: एक २ मिलिमीटरची उभी पिन आणि तिच्यापासून नेमकं ९.०० वर एक भोक. चेनीच्या कामात एवढीच एक गोष्ट मशीनवर झाली. बाकी कानस, करवत आणि हातड्रिल.

लिंकचे आकार दीड मिलिमीटर पितळी पत्र्यातून कापले, एक भोक पाडलं, दहा-दहा एका पिनवर ओवून गठ्ठा व्हाइसमध्ये धरला आणि एकदम कानसले. मग प्रत्येक लिंक दोन पोलादी ठोकळ्यांमध्ये दाबून पायरी काढली. दुसरं भोक पायरी काढल्यावरच पाडायचं. आधी पाडलं तर पत्रा वाकताना दोन भोकांतलं अंतर कमी होतं आणि जिगची सगळी मेहनत पाण्यात. पहिलं भोक जिगच्या पिनवर, लिंक घट्ट दाबून धरली की दुसरं भोक आपोआप ९ वर. नंतर आतल्या टोकाचं भोक बुशच्या मापाला, ३ वर मोठं केलं. दोन बाजू मिळून १७६ लिंक.

बुशसाठी बाहेरून ३ आणि आतून २ मिलिमीटरची पितळी नळी. आतून २.१ चं ड्रिल फिरवलं म्हणजे पिन मोकळी फिरते. पिना म्हणजे सायकलचे स्पोक. दोन मिलिमीटर जाड, सरळ, कडक, गंज लवकर धरत नाहीत आणि खऱ्या पिनेच्या जाडीला २४ नं भागलं तर जवळपास तेवढेच येतात. सायकल दुकानदारानं जुन्या चाकांचे दिले.

शूवर लिंकची जोडी बसवताना लाकडात खाच करून तिसरा साचा केला, त्यात शू उलटा ठेवायचा, दोन्ही लिंक एका तात्पुरत्या पिनवर उभ्या करायच्या आणि मऊ डाक द्यायचा. चांदीचा सांधा जागचा हलला नाही. पहिले दहा शू जोडून टेबलाच्या कडेवरून खाली सोडले तेव्हा चेन आपल्या वजनानं वळली आणि एकेक सांधा खाली गेला. त्या क्षणी जो आनंद झाला तो मला शब्दांत नीट सांगता येणार नाही. घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. पूर्ण झालेली एका बाजूची चेन सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास भरली. रबरी पट्टा हातात घेतला तर त्याचं वजन जाणवतही नव्हतं.

स्प्रॉकेट नवं करावं लागलं, कारण जुन्यावर दात नावालाच होते. अनेक डोझरांच्या स्प्रॉकेटवर दातांची संख्या विषम असते आणि बुश एकाआड एक खाचेत बसतं. त्यामुळं एका फेरीत ज्या खाचा रिकाम्या जातात त्या पुढच्या फेरीत भरतात आणि सगळे दात सारखे झिजतात. मी २५ दात धरले. एका फेरीत साडेबारा बुश, पिच ९, तर पिच वर्तुळाचा व्यास ३६.२ मिलिमीटर. त्या वर्तुळावर १४.४ अंशांच्या अंतरानं ३.१ ची २५ भोकं पाडली आणि बाहेरचा भाग कापून काढला की अर्ध्या भोकांच्या खाचा उरतात, तेच दात. रोलर लेथवर काढून घेतले, एका बाजूला आठ.

चेन चढवताना शेवटची पिन काढता-घालता येईल अशी ठेवली, बाकीच्यांच्या टोकांना लॉकटाइट हा चिकट द्रव. पुढच्या आयडलरमागं एक छोटी स्प्रिंग आणि स्क्रू बसवला. खऱ्या डोझरमध्ये इथं ग्रीसचा सिलिंडर असतो. ग्रीसगननं ग्रीस भरलं की आयडलर पुढं सरकतो आणि चेन ताणली जाते. मी स्क्रू फिरवून चेन छान ताठ केली आणि मामांना दाखवायला नेली. त्यांनी मॉडेल हातात घेतलं, वरची बाजू अंगठ्यानं दाबली.

"कामून एवढी ताणली? अशी ताणून चालवली तर पिन-बुश खाऊन टाकंल ती."

"मामा, हे मॉडेल आहे, याच्यावर काय भार येणार?"

"भार येऊ दे नाहीतर न येऊ दे. बघणाऱ्याला दिसतं ना."

त्यांनी स्वतः नखानं स्क्रू मागं फिरवला. स्प्रॉकेट आणि आयडलरच्या मध्ये चेनीला हलका झोळ आला. त्यांचं म्हणणं असं की आपल्याकडं काळ्या मातीत काम करताना तर चेन थोडी सैलच हवी. काळी माती चिकट. पावसाळ्यात ती स्प्रॉकेटच्या खाचांत आणि लिंकांच्या मध्ये भरते, वाळली की दगड होते, आणि चेन आपोआप ताणली जाते. आधीच ताठ असेल तर मग ती कुठं जाणार?

रंगकाम करताना हेच डोक्यात होतं. सगळ्या चेनीला आधी प्राइमर, मग तपकिरी-काळा रंग पातळ करून. वाळल्यावर ग्राउझरच्या धारा आणि लिंकचे रोलरवर चालणारे काठ बारीक पॉलिश पेपरनं उघडे केले. धारेखालून कल्हई चमकली, अगदी झिजलेल्या पोलादासारखी. लिंकच्या काठांवर कल्हई नव्हती, तिथं मऊ पेन्सिलीचं शिसं घासलं. मग शेतातली काळी माती वाळवून, कुटून, मलमलीतून गाळली, पातळ फेविकॉलमध्ये कालवली आणि काडीनं लिंकांच्या मधल्या पोकळीत भरली. पिना मोकळ्या राहतील एवढं जपून. ही माती वाळताना तिला बारीक भेगा पडतात, उन्हाळ्यात रानात पडतात तशाच. कोणत्याही विकतच्या रंगानं ते साधलं नसतं. वरून शूंच्या कडांना मुरमाची तांबूस धूळ कोरड्या ब्रशनं लावली. मुरूम जालन्याजवळच्याच खाणीचा.

ज्यांना हे करून बघायचं आहे त्यांना एवढंच सुचवेन की १:५० च्या मॉडेलवर सुरुवात करू नका. संग्राहकांमध्ये तेच माप जास्त चालतं हे खरं, पण तिथं हाच पिच ४.३ मिलिमीटरवर येतो आणि पिन एक मिलिमीटरच्याही खाली जाते. त्या मापात फिरणारं बुश हातानं करणं फार जिकिरीचं. १:२४ ला साधी हत्यारं पुरतात. आणि शक्य असेल तर खरी चेन जमिनीवर पसरलेली एकदा बघा, तिच्यावर हात फिरवा, ती चालवणाऱ्या माणसाशी बोला.

मामांनी परवा पुन्हा मॉडेल बघितलं. चेन त्यांना पसंत पडली, झोळ पसंत पडला, माती तर फारच. मग त्यांनी स्प्रॉकेटवर बोट ठेवलं. धारा एवढ्या झिजलेल्या, आणि दात कोरे करकरीत? चेन वापरात झिजली की तिचा पिच वाढतो, आणि दातही तिच्याबरोबर झिजत जातात. जुन्या चेनीखाली नवं स्प्रॉकेट नीट बसत नाही. कुठल्या बाजूनं आणि किती खाल्लेलं दाखवायचं, ते त्यांनी खडूनं फरशीवर काढून दिलं: पुढं जाताना ज्या अंगावर जोर येतो ते अंग खोल, दाताचं टोक बारीक. डाव्या बाजूचं स्प्रॉकेट उतरवून त्या चित्राप्रमाणं कानसायला घेतलं आहे.